दोन पातींच्या मधली रेघ

नगरच्या मैदानावर बिभीषण दहिफळे सकाळी साडेआठलाच हजर होता. श्रीरामपूरच्या शाळेची बस त्यानं लिंबाखाली लावायला सांगितली, मुलींना बूट बांधायला बसवलं आणि स्वतः फाटकाकडं पाठ करून उभा राहिला. फाटकातून आता चिंचेवाडीचा टेम्पो आत येणार होता.

चिंचेवाडी हे त्याचं गाव. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला, पावसानं कायम हुलकावणी दिलेलं. त्या गावच्या मुलींना फुटबॉल शिकवला तो यानंच. एक-दोन नाही, सात वर्षं शिकवला. आणि आज जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेच्या फायनलला समोर त्याच मुली होत्या.

जूनपासून तो श्रीरामपूरच्या शाळेचा कोच होता, एका वर्षाच्या बोलीवर. संस्थेचे सचिव रविराज सर यांनी नेमणुकीच्या दिवशीच स्वच्छ सांगितलं होतं, "जिल्हा जिंकून द्या, कायम करतो. नाही जिंकलात तर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे." मोकळं होणं म्हणजे काय, ते बिभीषणला पाठ होतं. पुन्हा पाथर्डी-शेवगाव लाईनला जीप, चौदा माणसं कोंबून, आणि क्लच दाबताना कळ मारणारा डावा गुडघा. वय बेचाळीस. अशी दुसरी नेमणूक आयुष्यात येत नाही.

जिंकायचं कसं, हेही त्याला माहीत होतं. चिंचेवाडीचा बचाव कुठून फुटतो हे साऱ्या जिल्ह्यात एकट्या त्याला ठाऊक होतं, कारण तो बचाव त्यानंच उभा केला होता. सहा महिने ही गोष्ट त्यानं आपल्या नव्या मुलींना सांगितली नव्हती. फायनलला चिंचेवाडीच येईल असं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून तो स्वतःची समजूत घालत राहिला. आता ती सोय संपली होती.

टेम्पोचा हॉर्न वाजला. आधी मुली उतरल्या आणि मग एकेक करून त्यांच्या आज्या. पोरींचे आईबाप दसरा झाल्याबरोबर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले, म्हणून सामना बघायला आल्या होत्या सगळ्या म्हाताऱ्या, डोक्यावर पदर आणि हातात भाकरीची फडकी.

"त्यो बघ उभा हाय, घरभेद्या," एक जण म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आगं, नावच तसं ठेवलंय आईनं. त्यानं तरी काय करावं?"

त्या हसल्या. हसण्यात विष नव्हतं, पण टोचायचं ते टोचलंच. कारण ज्या आईनं नाव ठेवलं ती, साळूबाई, त्यांच्या मागूनच टेम्पोतून उतरत होती. फळीला धरून, एकेक पाय सावकाश टाकत. ती लेकाकडं न बघता सरळ सावलीला जाऊन बसली.

साळूबाई आणि तिचा नवरा दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याच्या मागं बिभीषणचं लहानपण फडाफडानं फिरलं. आठ वर्षांचा असताना श्रीरामपूरकडं पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढं तो उसाच्या वाढ्यांचा, शेंड्यांच्या हिरव्या पाल्याचा चेंडू करून लाथाडत होता. मिशनच्या एका ब्रदरनं त्याला बघितलं. ब्रदर कोपीत वाकून आले, साळूबाईशी तास-दीड तास बोलले, आणि पोरगा मिशनच्या बोर्डिंगात गेला. आईनं गळ्यात मोहटादेवीचा ताईत बांधून दिला होता. संध्याकाळची प्रार्थना झाली की ब्रदर पोरांना मैदानात सोडायचे. ताईत काढ, असं त्यांनी दहा वर्षांत एकदाही म्हटलं नाही. हेडर मारताना दोरा कानात अडकतो म्हणून तो आखूड तेवढा करून दिला.

पोरगा हाफला खेळायचा. पळायला चिवट, चेंडू हिसकावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोर्डिंगाकडून जिल्हा, जिल्ह्याकडून नगरचा क्लब आणि तेविसाव्या वर्षी पुण्याचा क्लब. चिंचेवाडीतून पुण्याला खेळायला गेलेला तो पहिलाच माणूस. आणि त्या पुण्यातच त्याचं हसं झालं.

सामना मोठा होता. बिभीषण डावीकडं, शेजारी दुसरा हाफ. समोरच्या संघाचा एक पोरगा दोघांच्या बरोबर मधून चेंडू घेऊन आला. बिभीषणपासून तो चार पावलांवर होता. बिभीषण हलला नाही. दुसराही हलला नाही. गोल झाला, सामना गेला. नंतर कोचनं विचारलं, "तू का नाही गेलास?"

तो म्हणाला, "सर, ती त्याची पात हुती."

कोणाला काही कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. शेतात खुरपायला बसलं की ज्याला त्याला वाफ्याची एक पट्टी नेमून देतात, ती त्याची पात. आपली पात आपण काढायची. दुसऱ्याच्या पातीत हात घातला तर त्याचा अर्थ तुझ्यानं होत नाही, तू मागं पडलास असा होतो. चांगल्या घरची माणसं असं करत नाहीत.

सगळी टीम पोट धरून हसली. पुढं तीन वर्षं पुण्यात त्याला बिभीषण कुणी म्हणालंच नाही. पात्या म्हणत.

तिथंच, एकोणतिसाव्या वर्षी, गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पळणं संपलं. तो गावाकडं आला, लग्न झालं, जीप लाईनला लागली. बायको चांगुणा म्हणायची, झोपेतसुद्धा हा उजव्या पायानं लाथा मारतो. मग एका वर्षी सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले. चिंचेवाडीच्या शाळेला तीन आले आणि हेडमास्तरांनी ते कपाटात नकाशांशेजारी ठेवून दिले, हरवले तर जाब कोण देणार म्हणून. बिभीषणनं आठवडाभर शाळेचे खेटे घातले, तेव्हा कुठं किल्ली फिरली.

मुलांना क्रिकेटशिवाय काही दिसत नव्हतं. म्हणून मुली आल्या. पहिले दोन महिने त्या चेंडूमागं शेळ्यांसारख्या धावायच्या, अकराच्या अकरा एका घोळक्यात. त्यानं कितीदा ओरडून सांगितलं, पांगा, जागा धरा. उपयोग शून्य. एका शनिवारी जीप घेऊन जाताना त्याला कांद्याच्या वावरात याच मुली आयांबरोबर खुरपायला बसलेल्या दिसल्या. आठ जणी, आठ पाती, कुणी कुणाच्या रेघेत नाही. जीप तिथंच थांबली. मागं बसलेली माणसं ओरडायला लागली तरी हा आपला बघतोच आहे.

सोमवारी त्यानं मैदानावर फक्कीनं उभ्या रेघा ओढल्या. "ही तुजी पात. ही हिची. आपापली पात सांभाळा."

त्या दिवसापासून घोळका सुटला. पुण्यात ज्या शब्दावर लोक हसले त्याच शब्दावर चिंचेवाडीनं तीन वर्षांत तालुका जिंकला. चौथ्या वर्षी जिल्ह्याच्या सेमीफायनलला गेली. मागं खेळणाऱ्या चार मुलींची तर अशी कीर्ती झाली की समोरचे संघ बाजूबाजूनंच खेळायचे. त्या चारांतल्या मधल्या दोघी म्हणजे आरती, बिभीषणच्या थोरल्या भावाची मुलगी, आणि धनश्री, तिची शेजारीण.

आणि मग बिभीषणला भोक दिसलं. दोन पातींच्या मधल्या रेघेवरून कुणी आलं, की आरती धनश्रीकडं बघे आणि धनश्री आरतीकडं. दोघी चांगल्या घरच्या. कुणीच पात सोडेना. अगदी त्याच्यासारख्या, पुण्यातल्यासारख्या. आपली खोड आपण शिकवण म्हणून या पोरींच्या अंगात घातली, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला रात्रभर झोप नाही. ती मोडायला त्यानं तीन वर्षं घालवली. मोडली नाही. तेवढ्यात श्रीरामपूरचं बोलावणं आलं.

गाव चिडलं. देवळापुढं बसून माणसं बोलली ती बोलली. जायच्या आदल्या दिवशी तो मैदानावर मुलींना भेटायला गेला, तर त्या पाठ करून बसलेल्या. त्याचंही डोकं फिरलेलं होतं.

"तुमच्या मधल्या रेघेत भोक हाय," तो म्हणाला. "ज्याला कळंल त्यो तुमाला फोडून जाईल."

"तुमीच शिकवलं, नाना, दुसरीच्या पातीत पाऊल टाकायचं न्हाई म्हणून," आरती म्हणाली.

"चुकलो मी. आता ऐकायचं तर ऐका, न्हाईतर बसा पात धरून."

एवढं बोलून तो निघून आला. चांगुणा आणि पोरं त्याच्याबरोबर श्रीरामपूरला आली. साळूबाई आली नाही. "आदी पोरींशी तोंड सरळ करून ये, मग मी येते," एवढंच म्हणाली.

ती आता सावलीला बसली होती. बिभीषण गेला आणि वाकला.

"पाया पडतो, आई."

"पड." तिनं पाय जरा पुढं केले. "पोरींना सांगितलंस का?"

"काय?"

"तुला काय ठावं हाय ते. मला वेडी समजतोस व्हय? सात वर्सं मी बांधावर बसून खेळ बघितलाय."

"जूनमदीच सांगितलं हुतं, आई. त्यांच्या तोंडावर."

"ते सांगनं न्हवतं, भांडन हुतं. भांडनातलं कोन ध्यानात ठेवतं?" ती पदरानं तोंड पुसत राहिली. "तुजं नाव बिबीशन का ठेवलं ठावं हाय ना? सप्ता चालू हुता, तू माज्या पोटात. महाराज कीर्तनात म्हनले, बिबीशन चोरून न्हाई गेला. आदी भावाला भर सभेत तोंडावर सांगितलं, आन मग उठला. तुज्या बापाला ते लई आवडलं."

"आई, मी आता त्या पोरींचा कोच हाय. त्यांच्या जिवावर..."

"मग त्यांच्याशी बी खोटं वागू नको. मी कुटं म्हनते, हारव म्हनून? जिंक. पर सांगून जिंक."

हे बोलायला सोपं होतं. बिभीषण बसकडं परत आला तेव्हा सामन्याला पाऊण तास उरला होता. त्यानं आपल्या अकरा मुलींना गोल बसवलं आणि मातीत काडीनं चार उभ्या पट्ट्या काढल्या. मधल्या दोन पट्ट्यांच्या रेघेवर काडी रोवली.

"इथून जायचं. चेंडू पायात घट्ट ठेवून, बरोबर या रेघेवरून. या दोघी एकमेकींची वाट बघतील. तेवढ्यात तुम्ही गोलपुढं असाल."

रेश्मा, त्याची कॅप्टन, नीट बघत होती. श्रीरामपूरच्या मार्केट यार्डातल्या हमालाची मुलगी, तोंडानं फटकळ. "सर, हे सहा महिने कुठं होतं?"

"माझ्या पोटात होतं." तो म्हणाला. "आणि आता मी हे त्यांनाही सांगायला चाललोय."

मग गोलकीपर पोरगी हळूच म्हणाली, "का पण?"

"ही खोड मी लावली त्यांना. काढायची राहिली आणि मी निघून आलो. आता तिच्यावरच घाव घालायचा, तर निदान सांगून घालावा."

"तुमची चूक दुरुस्त करायला आम्ही फायनल हरायची का?" रेश्मा म्हणाली.

बिभीषणनं काडी उपटली, बोटांत फिरवत राहिला. पोरीचं खरं होतं. आईचंही खरं होतं. दोघींच्या खऱ्याच्या बरोबर मधून त्याला जायचं होतं आणि तिथं पाय ठेवायला जागा दिसत नव्हती.

रेश्माच पुन्हा म्हणाली, "सर, ती खोड काढायला तुम्ही किती दिवस खपलात?"

"तीन वर्षं."

"निघाली?"

"नाही."

"मग पाऊण तासात काय निघणारे? जा, सांगून या." तिनं लेस ओढली. "तुमचं पोट तरी रिकामं होईल. नाहीतर बाहेर उभे राहून चेहरा करता आणि आम्हाला टेन्शन."

मुली हसल्या. तो हसला नाही, पण पाय उचलला गेला.

चिंचेवाडीचा नवा कोच छगन. बिभीषणचा लहानपणचा जोडीदार, जीपच्या लाईनवरचाही. खेळ त्याला बिभीषणनंच शिकवला. पण छगनचा स्वभाव असा, की एसटी वेळेवर आली तरी तो म्हणणार, यात काहीतरी डाव आहे.

"छगन, ऐक," बिभीषण म्हणाला. "आरती आन धनश्रीच्या मधल्या रेघेवरून येनार हाय मी. दोघींना सांग, जिला आदी दिसंल तिनं पात सोडून जायाचं. वाट बघायची न्हाई."

छगननं त्याच्याकडं वरून खाली बघितलं. "हे मला तू सांगतोस?"

"मीच सांगतोय."

"कामून?"

"सांगावं वाटलं."

"बरं," छगन म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. आरती मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती काकाच्या तोंडाकडं बघत राहिली. काका खोटं बोलला की त्याच्या कानाची पाळी लाल होते, असं ती लहान असताना म्हणायची. तिनं आता कानाकडंच बघितलं असावं.

शिट्टी वाजली. पहिल्या दोन मिनिटांतच बिभीषणच्या ध्यानात आलं. छगननं धनश्रीला मधून काढून पार उजव्या कडेला नेलं होतं. मधून येणार म्हणतोय म्हणजे हा नक्की कडेनं येणार, असा त्याचा हिशेब. भोक एक वीतभर होतं, ते खरं बोलल्यानं आता बैलगाडी जाईल एवढं झालं होतं.

बिभीषण ओरडू शकला असता. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण मागं खुर्चीवर रविराज सर बसले होते, पुढं रेश्मा पळत होती, आणि सांगायचं ते एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगणं हे सांगणं नव्हतं, ते रेश्माला विकणं झालं असतं. त्यानं तोंड मिटलं आणि शर्टाच्या आतला ताईत मुठीत धरला.

रेश्मा पहिल्यांदा रेघेवरून गेली. आरती आपल्या पातीत उभी, धनश्री लांब. चेंडू खांबाला लागून बाहेर आला. म्हाताऱ्यांनी एकदम श्वास सोडला. दुसऱ्यांदा गेली तेव्हा चिंचेवाडीच्या गोलकीपरनं अंगावर घेतला. तिकडून चिंचेवाडीच्या पोरी कडेकडेनं चढत होत्या. त्यांचा एक फटका श्रीरामपूरच्या गोलवरून हातभर वरून गेला आणि रविराज सर खुर्चीतून अर्धे उठले.

हाफ टाइमला शून्य-शून्य.

"दहिफळे सर," रविराज सर जवळ आले. "तुमचीच मुलं ती. तुम्हाला माहीत असणारच काही तरी. राखून ठेवू नका."

"राखलेलं नाही, सर. सगळं सांगितलंय."

कुणाकुणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या हाफला ऊन चढलं. बाराव्या मिनिटाला रेश्मानं चेंडू घेतला आणि पुन्हा त्याच रेघेवर आली. छगन ओरडला, "धनश्री, कडा सोडू नको." धनश्रीनं सोडली नाही. आरतीनं एक पाऊल उचललं, पुढं टाकलं आणि मागं घेतलं. तेवढं पुरे झालं. चेंडू जाळीत होता.

श्रीरामपूरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बिभीषणनं टाळ्या वाजवल्या, कारण वाजवायला हव्या होत्या. त्याची नजर आरतीवर होती. ती कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडं बघत उभी होती, जी या मैदानावर फक्कीनं कुणी कधी ओढलीच नव्हती.

उरलेली मिनिटं कशी गेली ते बिभीषणला नंतर सांगता आलं नाही. छगननं सगळ्या पोरी पुढं ढकलल्या. मागं उरल्या आरती आणि धनश्री दोघीच. शेवटची चार मिनिटं असतील. श्रीरामपूरच्या एकीनं चेंडू लांब मारला आणि रेश्मा तिसऱ्यांदा... नाही, चौथ्यांदा त्या रेघेवर सुटली. हा गोल झाला की संपलंच. कायमची नेमणूक, सरकारी नाही पण पक्की.

रेश्मा धनश्रीच्या बाजूला वळली. ती धनश्रीची पात होती. आणि आरती पात सोडून निघाली.

आरती छगनला विचारायला थांबली नाही आणि धनश्रीकडं तिनं बघितलंही नाही. सरळ तिच्या पातीत शिरली, रेश्माच्या पायातून चेंडू काढला, इतका स्वच्छ की रेश्मा दोन पावलं चेंडू नसतानाच पळाली.

"शाब्बास!"

हा आवाज कुणाचा, म्हणून बिभीषणनंच आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यात रविराज सरही होते.

म्हाताऱ्यांत धनश्रीची आजी कुरकुरत होती, "आमच्या पोरीची पात मागं पडली व्हय? ही कशाला घुसली?"

"गप गं," साळूबाई म्हणाली. "बघ तरी."

आरती चेंडू घेऊन पळतच होती. अर्धं मैदान, मग पाऊण. सात वर्षांत तिला एवढं पुढं आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. श्रीरामपूरच्या पोरी मागं फिरेपर्यंत तिनं गोलपुढं चेंडू दिला, तिथल्या पोरीनं मारला, आणि श्रीरामपूरच्या गोलकीपरनं, त्याच हळू बोलणाऱ्या मुलीनं, आडवं पडून बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. त्या एका क्षणात आपल्याला काय हवं होतं, हे बिभीषणला कळलं नाही. नंतर देवापुढं बसूनही त्याला ते कळलं नाही.

शिट्टी वाजली. श्रीरामपूर एक, चिंचेवाडी शून्य.

छगन तरातरा आला, कुणालाही न जुमानता. "फसवलं यानं आमाला," तो रविराज सरांना म्हणाला. "सकाळी येऊन सांगितलं, मदनं येनार. आन आला बी मदनंच."

"म्हणजे खरं सांगितलं?" रविराज सरांना काही समजेना.

"खरं सांगूनच फसवलं ना, सायेब."

एक पंच हसू दाबायला दुसरीकडं वळले. रविराज सर मात्र हसले नाहीत. त्यांनी बिभीषणला बाजूला घेतलं.

"तुम्ही आपला डाव त्यांना आधी सांगितला होता?"

"व्हय," बिभीषण म्हणाला, आणि मग शाळेतल्यासारखं, "हो, सर."

"आणि शेवटी शाब्बास कुणाला म्हणालात?"

"त्यांच्या आरतीला. माझी पुतणी आहे. तीन वर्षं खपून जे शिकवू शकलो नाही, ते तिनं आज केलं."

"हरलो असतो आपण."

"हो, सर."

बिभीषणच्या डोळ्यांपुढं जीपचं स्टिअरिंग आलं, त्यावरचं झिजलेलं लाल रेक्झिन. तेवढ्यात रेश्मा मध्ये आली, घामानं निथळत. "सर, आम्हाला पण सांगितलं होतं त्यांनी. आधी आम्हाला आणि मग त्यांना. आम्हीच म्हणालो जा म्हणून."

"तुम्ही?"

"हो. बाहेर उभे राहून चेहरा करत होते."

रविराज सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नेमणुकीचं पत्र सोमवारी घेऊन जा," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी कुणाला काही सांगणार असाल, तर आधी मला सांगा. माझं ब्लडप्रेशर आहे."

ते गेले. बिभीषणला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचे पाय टेम्पोकडं वळले. चिंचेवाडीच्या मुली फळीवर बसून भाकरी खात होत्या. धनश्री त्याला बघून दुसरीकडं तोंड करून बसली. तिचा राग त्याच्यावर की आरतीवर, ते तिलाही ठाऊक नसावं. आरती खाली उतरली.

"नाना, ते छगन सरांना न सांगता मला सांगायचं हुतं ना," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तुमचा कान लाल झाला न्हवता, ते मी बघितलं हुतं. तरी पयल्यांदा पाय मागं घेतला मी."

"मी बी घेतला हुता. पुन्यात."

"आन मग?"

"मग काय, तुमाला तेच शिकवलं."

ती हसली, रडता रडताच. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवू दिला तिनं. म्हाताऱ्या बघत होत्या, पण यावेळी कुणी काही बोललं नाही. एकीनं तर फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा त्याच्या हातावर ठेवला आणि "खा, लई वाळलास तिकडं" म्हणाली. मघाशी घरभेद्या म्हणालेली हीच.

टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं. साळूबाई फळीपर्यंत आली आणि थांबली. तिनं आपलं फडकं काखेत धरलं, श्रीरामपूरच्या बसकडं एकदा बघितलं, मग लेकाकडं.

"तिकडं थंडी लई आसती म्हनं," ती म्हणाली. "कालव्याचं पानी, उसाचं रान."

"आसती थोडी."

"मग ती माजी जाड वाकळ टाकली असती टेम्पोत. आता राहिली घरी." ती पाय सांभाळत बसच्या पायरीकडं चालायला लागली. "चांगुनाकडं आसंल एखादी. धर जरा हात, पायरी उंच हाय."